रात्री साडेनऊची तर्री

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे परदेशातील स्वयंपाकघराविषयीची आहेत. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, त्याबद्दल इतर दोघींनी राग मानू नये.

प्रश्न : मी मूळची नागपूरची, सक्करदऱ्याची. गेली नऊ वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते. यजमान पुण्याचे आहेत. मुलगा सहा वर्षांचा असून यंदाच पहिलीत गेला. शाळेच्या डब्यात तो ब्रेड, चीज आणि काकडीच मागतो. मी दिलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा पराठा तसाच परत येतो. घरी संध्याकाळी आमटी-भात किंवा वरण-भात असला तर तो खातो, पण झुणका, भरीत, पाटोडी, चिकोल्या यांपैकी काही ताटात दिसले की नाक मुरडतो. परवा शाळेत मसुराबरोबर श्पेट्झ्ले नावाचा काही पदार्थ होता, तो मात्र त्याने दोनदा मागून घेतला म्हणे. दर रविवारी नागपूरला आईशी व्हिडिओवर बोलणे होते. गेल्या वेळी तिने विचारले, "काय जेवलास रे बाबू?" तो "ब्रोट" म्हणाला आणि खेळायला पळाला. आई मला म्हणाली, "तुझं पोरगं आपलं काहीच खात नाही, बाई." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी रोज दोनदा स्वयंपाक करते. सहा वाजता घरच्यांसाठी, आणि मुलगा झोपल्यावर साडेनऊला माझ्यासाठी. तेव्हा हरभऱ्याची तर्री करून पोह्यांवर घेते आणि ओट्याशी उभी राहून खाते. थंडीतही खिडकी उघडी ठेवते, कारण आधीच्या घरी शेजाऱ्यांनी वासाची तक्रार घरमालकाकडे केली होती. आई म्हणून मी नेमकी कुठे कमी पडले?

— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी मुलाला सोडून तुमच्या ओट्यापाशीच येऊन थांबले. त्याविषयी पुढे लिहिते. आधी मुलाचे पाहू, कारण ते फारसे अवघड नाही.

मधल्या सुटीचा डबा हा मुलाचा असतो, आईचा नसतो. सकाळच्या सुटीत ब्रेड खायचा हा तिथल्या शाळांचा जुना रिवाज आहे आणि 'पाउझेनब्रोट', म्हणजे सुटीचा ब्रेड, असा त्यासाठी त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे. त्या थोड्या वेळात मुलाला खायचे असते, खेळायचे असते आणि आपण इतरांसारखेच आहोत याची खात्रीही करून घ्यायची असते. मी शाळेत असताना डब्यात थंड पोळी आणि आलूची भाजी नेत असे. मला ती विशेष आवडत होती असे नाही. पण सगळ्यांच्या डब्यात तीच असे, म्हणून तिच्याविषयी मला कधी विचार करावा लागला नाही. तुमच्या मुलालाही डब्याविषयी विचार करावा लागू नये, एवढेच त्याचे मागणे आहे. त्याला ब्रेड द्या, काकडी द्या, आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या सकाळच्या चहाबरोबर तुम्ही खा.

आता तुमच्या आईंचे वाक्य. मुलगा संध्याकाळी आमटी-भात खातो, हे तुम्हीच लिहिले आहे, तरीही 'आपलं काहीच खात नाही' हे वाक्य तुम्हाला खरे वाटले. ती आमटी गूळ आणि आमसूल घातलेली, म्हणजे तुमच्या यजमानांच्या घरच्या वळणाची असावी, असा माझा तर्क आहे. तो चुकला असेल तर कळवा. पण तो बरोबर असेल, तर मुलगा मराठी जेवत नाही अशी ही तक्रार नसून तो नागपुरी जेवत नाही अशी आहे, आणि या दोन तक्रारींत पुष्कळ अंतर आहे. पुण्याच्या आजींनी त्याच मुलाला आमटी-भात कालवताना पाहिले असते, तर त्यांचे डोळे भरून आले असते. एकाच घरात सांबार म्हटले की एकाला कोथिंबिरीची हिरवी जुडी आठवते आणि दुसऱ्याला इडलीची वाटी, हे विदर्भाबाहेर लग्न केलेल्या प्रत्येकीला ठाऊक असते. पोटात तिखट सोसत नाही म्हणून, मूल लहान आहे म्हणून, आणि यजमानांना सवय नाही म्हणून तुम्ही सहा वाजताच्या स्वयंपाकातून एकेक करून नागपूर काढून टाकलेत. परदेशात मराठी घर उभे राहिले, पण त्या घराच्या ताटात तुम्ही नाही.

श्पेट्झ्लेचे वाचून मात्र मला हसू आले. स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात आहे, तिथला हा अगदी घरगुती पदार्थ आहे. मैद्यात अंडी घालून सैल भिजवायचे, त्याचे लहान लहान तुकडे उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचे आणि शिजलेल्या मसुराबरोबर वाढायचे. बरोबर बहुधा सॉसेज असते, आणि मसुरावर थोडे व्हिनेगर घालण्याची पद्धत आहे. आता आपल्या चिकोल्या पाहा. कणकेत तिखट, हळद, ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायचे, लाटून शंकरपाळ्यासारखे काप करायचे आणि लसूण-मोहरीची फोडणी दिलेल्या उकळत्या पातळ वरणात सोडायचे. एकीकडे मसूर, दुसरीकडे तुरीची डाळ. एकीकडे व्हिनेगर, दुसरीकडे चिंचेचे बोटूक. डाळीबरोबर शिजलेल्या गव्हाची चव ज्याने दोनदा मागून घेतली, त्याला चिकोल्या मुळातच आवडत नाहीत असे मानायला माझे मन तयार नाही. मात्र श्पेट्झ्ले म्हणून त्या त्याच्या पुढे ठेवू नका. मुले अशी लबाडी फार लवकर ओळखतात आणि मग पुढची दोन वर्षे प्रत्येक वाटीत संशयाने डोकावतात. चिकोल्यांना चिकोल्याच म्हणा. एखाद्या शनिवारी त्याला कातणे हातात द्या आणि लाटलेल्या पोळीचे काप त्यालाच करू द्या. वाकडेतिकडे झाले तरी शिजताना काही बिघडत नाही. मळणे, लाटणे, कातणे, चिमूटभर, फोडणी तडतडली, आच कमी कर हे शब्द त्याला शाळेतही भेटणार नाहीत आणि मराठी पुस्तकांतही फारसे भेटणार नाहीत. ते पिठाच्या हातांनीच शिकायचे असतात.

तिखटाची अडचण मला तुम्हाला वाटते तितकी मोठी वाटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच पदार्थांत तिखट वरून वाढायचे असते. पोहे सौम्यच असतात, तर्री डावाने वर येते. पाटोडी वेगळी आणि रस्सा वेगळा. वडाभातात वडे कुस्करलेल्या भातावर फोडणीचे तेल ज्याच्या त्याच्या सोशीकतेप्रमाणे ओतले जाते. सावजी रस्सा याला अपवाद आहे, त्यात मसाला आणि तिखट वेगळे करता येत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी तो करूही नये. पण बाकीच्या ताटात मुलाने कोरडे पोहे शेवेबरोबर खावेत, तुम्ही तर्रीत बुडवून खावेत आणि यजमानांनी मध्ये कुठेतरी राहावे, यात अवघड काहीच नाही. एकाच कढईतले पोहे तिघांना पुरतात, दुसरा स्वयंपाक लागत नाही.

आता ओटा. तुमच्या मुलाने झुणका नाकारला, भरीत नाकारले हे खरे. पण आपली आई तर्री-पोहे आवडीने खाते, हे त्याने आजवर एकदाही पाहिलेले नाही. तो झोपल्यानंतर, उभ्याने, उघड्या खिडकीशी तुम्ही जे खाता, ते तुमच्या घरात जवळजवळ चोरून खाल्ले जाते. मुलाला त्यातून जे समजायचे ते समजते, कारण सकाळी ओट्यावर हळदीचा डाग असतोच. कुणी लपवून खात असेल तर तो पदार्थ एक तर औषध असला पाहिजे किंवा अपराध, असाच कोणत्याही मुलाचा समज होईल.

इथे स्वतःचे एक सांगते. माझी आई सर्वांचे जेवण आटोपल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवत असे. तिच्या आवडीनिवडीविषयी आम्हा भावंडांना काहीही माहीत नव्हते. ती गेल्यावर मावशीने सहज सांगितले की शिळ्या ज्वारीच्या भाकरीवर जवसाची चटणी आणि कच्चे तेल, हे तिचे सर्वांत आवडते जेवण होते. चाळीस वर्षे एका घरात राहून मला ते कळले नाही, कारण तिने ते कधी आमच्यासमोर बसून खाल्लेच नाही. आता जवसाची चटणी मी आवर्जून करते, पण तिच्याबरोबर बसून खाण्याची वेळ निघून गेली आहे.

म्हणून माझे सांगणे असे की काही दिवस मुलाला खाऊ घालण्याचा विचार पूर्ण बाजूला ठेवा आणि आठवड्यातून निदान दोनदा तुमचे जेवण सहा वाजता, टेबलावर, सर्वांसमोर, बसून करा. 'एक घास तर घे' असे म्हणू नका, त्याच्या ताटातही वाढू नका. त्याने मागितले तर द्या, नाही मागितले तर आपले आपण खा. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी पालक आणि मूल यांच्यात जेवणाच्या जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नवा पदार्थ नाकारण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असते, आणि नाकारलेला पदार्थ स्वीकारण्यापूर्वी कित्येक मुलांना तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. भरीत दोनदा समोर आले आणि दोनदा नाकारले गेले, तर हिशेब अजून सुरूच झालेला नाही.

खिडकी उघडायला हरकत नाही, फोडणीच्या वेळी मीही नागपुरात उघडते, नाहीतर ठसका लागतो. पण ती फोडणी झाली की बंद करा. आधीच्या घरमालकाची तक्रार आधीच्या घरीच राहिली आहे. नव्या घरात थंडीत कुडकुडत जेवायची गरज नाही. आणि आईंना पुढच्या रविवारी एवढेच सांगा की तुमचा नातू शाळेत चिकोल्या दोनदा मागून घेतो. पुढचे त्या स्वतःच विचारतील.

प्रश्न : मी मनीषनगरला राहते. माझी मुलगी अबुधाबीला असून तिला आठवा महिना लागला आहे. बाळंतपणासाठी मी दोन महिने जाणार आहे. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोप, खसखस, घरचा मसाला, बाळगुटीचे सामान असे सगळे बांधून ठेवले आहे. मुलगी म्हणते की काही आणू नकोस, इथे सगळे मिळते, आणि बाळाला गुटी द्यायची नाही. मग मी तिथे जाऊन करू तरी काय?

— एक आजी, नागपूर

उत्तर : आजी, सर्वांत आधी बांधलेली बॅग उघडा आणि खसखस बाहेर काढा. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, पण ती अफूच्याच झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे आणि सामानात सापडल्यास तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. सिंगापूरलाही हीच बंदी आहे, हे इतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. केवळ पुडी काढून भागणार नाही. डिंकाच्या लाडवांत खसखस भाजून घालण्याची आपली रीत आहे, आणि आपल्याकडच्या घरच्या मसाल्यातही ती असते. केलेले लाडू आणि तो मसाला घरीच राहू द्या. लाडू शेजारीपाजारी वाटले तर कुणी नाही म्हणणार नाही. नवे लाडू करायचेच असतील तर खसखशीऐवजी तीळ किंवा जास्त खोबरे घाला. स्वतःची नेहमीची औषधे नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, कारण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही औषधांवर, विशेषतः कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवर, तिथे कडक निर्बंध आहेत.

इथे सगळे मिळते हे मुलीचे म्हणणे मात्र खरे आहे, आणि ते तिने तुम्हाला टाळण्यासाठी म्हटलेले नाही. खारीक आणि खजूर तर त्याच मुलखातले. अळिवाला अरबीत रशाद म्हणतात आणि आखातातल्या बायकाही बाळंतिणीला ते देतात. मेथीला ते हिल्बा म्हणतात, तीही बाळंतिणीच्या आहारात असते. तुम्ही तिथल्या दुकानात जाऊन रशाद मागितले, तर दुकानदार कदाचित तुम्हालाच विचारील की घरी बाळ झाले का.

गुटीच्या बाबतीत मी तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. मी माझ्या दोन्ही मुलांना सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून गुटी दिली आहे, त्यामुळे हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. परंतु पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीही देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि मध तर वर्षाच्या आत बोटालाही लावून देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तुमच्या मुलीने ही माहिती घेऊन निर्णय केला आहे. तिने तुम्हाला बाळाच्या तोंडाशी नको म्हटले आहे. तिच्या स्वतःच्या तोंडाशी नको म्हटलेले नाही.

म्हणून तिथे जाऊन काय करायचे ते सांगते. बाळ रात्री दोनला उठेल, तिला दूध पाजावे लागेल आणि पाजून झाले की तिला भलतीच भूक लागेल. त्या वेळी कुणी गरम केलेली अळिवाची खीर तिच्या हातात दिली, तर तिला परदेश काय आणि नागपूर काय, सगळे सारखे वाटेल. दिवसा तिला विचारा, काय करू. ती बाळंतिणीचा आहार सांगेलच असे नाही. तिने झुणका-भाकर मागितली तर 'बाळंतिणीला तिखट चालत नाही' असे म्हणून परतवू नका, थोडे कमी तिखट घालून करून द्या. गेल्या चार-पाच वर्षांत तिला ती भाकर कुणी थापून दिलेली नाही.

प्रश्न : सुनेने न्यू जर्सीहून कळवले आहे की येताना गोडलिंबाचे छोटे रोप आणा. पाच वर्षांच्या नातीला आपल्या कढीगोळ्यांतला पाला कुठून येतो ते दाखवायचे आहे. ओल्या कापडात गुंडाळून नेता येईल का?

— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नेता येणार नाही, आणि ताजा पालाही नेऊ नका. त्यामागचे कारण नागपूरकरांना चटकन पटावे असे आहे. गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, हा संत्र्याच्याच कुळातला आहे. सिट्रस सायला नावाची बारीक कीड या कुळातल्या झाडांवर राहते आणि ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ज्या रोगांशी झुंजतात, त्यांपैकीच हा एक. अमेरिकेतील फ्लोरिडात तो २००५ मध्ये आढळला आणि तिथल्या संत्राबागांचे त्याने अतोनात नुकसान केले. त्यामुळे विमानतळावर कढीपत्ता सापडला तर तो काढून घेतात, आणि तुम्ही तो लेखी घोषित केलेला नसेल तर दंडही होऊ शकतो.

सुनेला तिथल्याच रोपवाटिकेतून रोप घ्यायला सांगा. न्यू जर्सीचा हिवाळा ते बाहेर सोसणार नाही, म्हणून कुंडी ऑक्टोबरच्या सुमारास घरात, दक्षिणेकडच्या खिडकीशी आणावी. थंडीत त्याची बरीच पाने गळतात. झाड मेले असे समजून पाणी वाढवले तर मुळे कुजतात, तेव्हा त्या काळात पाणी कमीच द्यावे. उन्हाळ्यात शेंडे खुडण्याचे काम नातीकडे द्यावे, खुडले की रोप बाजूने फुटते.